डाव्या बाजूचा गारवा

आमच्या गाडीचा एसी लावला की आधी वाळ्याचा वास यायचा आणि मग गारवा. हा क्रम कधी चुकला नाही. गाडी तशी दुसऱ्याने वापरून झालेली. आम्ही घेतली तेव्हाच तिच्या मागच्या दाराला पोचा होता आणि मागच्या सीटवर कुणाच्या तरी लेकराने पेनने रेघोट्या मारलेल्या होत्या. पण त्या वासामुळे ती मला शेजाऱ्यांच्या नव्याकोऱ्या गाडीहून भारी वाटायची. हे गेले त्या हिवाळ्यानंतर पहिला उन्हाळा आला, मी एसीचं बटण दाबलं, तर आतून गरम वारा आला. त्यात वास होता, पण उरलासुरला, ओल धरलेल्या कपाटासारखा. या वर्षीच्या उन्हाळ्यात तोही आला नाही.

मला तो वारा परत हवा होता, आधी वास आणि मग गारवा. एसी दुरुस्त झाला की वासही आपोआप परत येईल, असं मी धरूनच चालले होते. माणूस गेल्यावर डोकं असल्या हिशेबांवर चालतं आणि त्यात काही चुकतंय असं आपल्याला वाटतही नाही.

मुलगा पुण्याला असतो. त्याचं म्हणणं, गाडी विकून टाक. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये मी गाडी नेली होती. तिथल्या काचेच्या खोलीत बसवून, पाणी देऊन, त्यांनी मला एक कागद दिला. त्यावर एसीचा एकही भाग शिल्लक ठेवलेला नव्हता, सगळंच नवीन घालायचं होतं. मी तो आकडा मुलाला फोनवर सांगितला तेव्हा तो हसला आणि म्हणाला, अगं आई, एवढ्याला तर ही अख्खी गाडी जाणार नाही. त्याचं बरोबर होतं. त्याचं नेहमीच बरोबर असतं, लहानपणापासूनची खोड आहे ती. शेवटी आमचं ठरलं की दुरुस्ती माझ्या पेन्शनला झेपण्यासारखी असेल तर करायची, नाहीतर दिवाळीत तो येईल तेव्हा गाडी काढून टाकायची. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन बसले.

त्या गाडीत आमचा संसार झाला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती वाटेल, पण खरंच आहे. आम्ही दोघंही शहरातून रोज फुलंब्रीला शिकवायला जायचो. हे ज्युनिअर कॉलेजात, मी शाळेत. घरात सासू-सासरे, मुलगा, शिवाय देवगाव रंगारीहून, म्हणजे ह्यांच्या गावाहून, दवाखान्याला, कोर्टाला, सोयरीक बघायला येणारी माणसं. आमच्या घरात नवराबायकोने काही बोलायचं म्हणजे ते चार जणांच्या समोर बोलायचं. गावाकडची काकू तर आमचं वाक्य अर्ध्यात तोडून स्वतःच पूर्ण करायची. त्यामुळे सकाळी गाडीचं दार लागलं की आम्ही बोलायला लागायचो. फुलंब्री यायची आणि मला वाटायचं, एवढ्यात कशाला आली.

उन्हाळ्यातल्या शाळा आणि परीक्षा यांचे दिवस मला विशेष आठवतात. माझं माहेर नाशिककडचं, मराठवाड्याचं ऊन मला पहिल्यापासून सोसायचं नाही. हे आधी बाहेर जायचे, गाडी सुरू करून एसी लावून ठेवायचे. मी डबे भरून, सासूबाईंच्या गोळ्या काढून, मुलाचा मोजा शोधून फाटकाशी येईपर्यंत गाडी आतून गार झालेली असायची. मी डाव्या बाजूला बसायचे. एसीचा वारा येतो त्या समोरच्या मधल्या दोन्ही जाळ्या ह्यांनी माझ्याकडे वळवून ठेवलेल्या असायच्या. स्वतः मात्र खांद्यावर नॅपकिन टाकून बसायचे आणि अधूनमधून मान पुसायचे. एसीच्या गाडीत नॅपकिन घेऊन बसणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच असेल, असं मी त्यांना चिडवायचे. त्यावर ह्यांचं ठरलेलं उत्तर, आम्ही देवगावची माणसं, घाम आल्याशिवाय आम्हाला गाडी चालवल्यासारखं वाटतच नाय.

आणि तो वास. लग्न झालं तेव्हा आम्ही औरंगपुऱ्यात एका खोलीत राहायचो. पहिल्याच उन्हाळ्यात मी तापाने पडले आणि माहेरी जाते म्हणाले. दुसऱ्या दिवशी हे एक जुना पत्र्याचा कूलर घेऊन आले. इतरांच्या कूलरला साधं गवत असायचं, ह्यांनी वाळ्याच्या ताट्या करून आणल्या. त्या भिजल्या, पंखा फिरला आणि खोलीभर तो मातीसारखा गोडसर वास पसरला. मी माहेरी गेले नाही. पुढे गाडी घेतली तेव्हा पहिल्याच फेरीला मी नाक मुरडलं होतं, गार आहे पण ह्याला जीव नाही, आपल्या कूलरचा वारा तो कूलरचा वारा. पुढच्याच आठवड्यात एसीतून वाळ्याचा वास आला. मी विचारलं, हे काय, तर म्हणाले, गाडीला तुझी आवड कळलीये. शहागंजातून अत्तर आणून कुठेतरी लावत असतील, असं मी समजले. पुष्कळदा मी सीटखाली, दारांच्या खणांत बाटली शोधली. एकदा बाटली मिळाली, पण ती घरातली, इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची. ती घरातून सारखी गायब व्हायची आणि मी मुलाला बोलायचे. ही इथे कशी, विचारलं तर म्हणाले, काच पुसायला. मी ते खरं मानलं. एवढी शिकलेली बाई, पण काच पुसायला बाटली आणि काच मात्र कायम धुळीने भरलेली, हे माझ्या लक्षात आलं नाही.

तर मोठ्या वर्कशॉपचा नाद सोडून मी ह्यांच्या मिस्त्रीकडे जायचं ठरवलं. हा मिस्त्री मला ऐकून माहीत होता आणि तोही गॅसचोर म्हणून. दर उन्हाळ्याच्या तोंडावर हे त्याच्याकडे एसीचा गॅस भरायला जायचे आणि घरी येऊन संतापाने सांगायचे की मागच्या वर्षी ह्याने पूर्ण गॅस भरलाच नव्हता, नाहीतर तो संपेल कसा. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याकडेच जायचे. मी एकदा म्हणाले, दुसरा बघा ना. तर माझ्याकडेच रागाने बघितलं.

औरंगपुऱ्याच्या मागच्या बाजूला, दोन गाड्या समोरासमोर आल्या की कुणीतरी मागे जावंच लागतं अशा गल्लीत त्याचं दुकान आहे. मी गाडी कशीबशी आत घातली. मिस्त्री माझ्याच वयाचा, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. त्याने आधी गाडीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. सर कुठे आहेत, त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग आतून खुर्ची आणून फडक्याने पुसली आणि मला बसायला सांगितलं.

"लई भांडायचे," तो म्हणाला. "दर साली. आमच्या गल्लीला मालूम पडायचं, सर आले म्हणून."

त्याला अजूनही त्या भांडणाचा राग होता आणि ते भांडण आता होणार नाही याचं वाईटही वाटत होतं. मला त्याचं ते दोन्ही एकदम वाटणं फार आवडलं. गॅसचोराबद्दलचं माझं मत तिथल्या तिथे बदललं असं नाही, पण मी चहा घेतला.

पहिल्या खेपेला त्याने गॅसच भरला. वारा गार आला. वास नव्हता, पण मला वाटलं, येईल हळूहळू. आठवडा व्हायच्या आत पुन्हा गरम वारा. मी परत गेले ती ह्यांच्यासारखीच तावातावाने. तुम्ही गॅस भरलाच नाही, हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मिस्त्री हसायला लागला. मलाही हसू आलं. मग त्याने मान्य केलं की आधी गळती न बघता गॅस भरला ही त्याची चूकच झाली, सरांच्या सवयीने हात तिकडेच गेला. आता पुन्हा भरू ते फुकट, पण गॅस जातो कुठून ते बघितल्याशिवाय नाही. त्याने इंजिनापुढची जाळी धुतली, नळ्यांच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बघितलं. तिथे काही नव्हतं. मग त्याने डाव्या सीटपुढची चटई उचलली. ती खालून ओली होती. तिथे नेहमीच ओल असायची आणि मी वर्षानुवर्षं त्यावर रद्दी पसरत आले होते. गळती आत आहे, तो म्हणाला. डॅशबोर्ड उघडावा लागेल.

मग त्याने सांगितलं की हे तो सरांना दर वर्षी सांगायचा. एकदा डॅशबोर्ड उघडू द्या, काय आहे ते बघून टाकतो, दर वर्षीचा गॅसचा खर्च तरी वाचेल. पण सर त्याला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. गॅस भर आणि सोड, एवढंच म्हणायचे.

"मी म्हणायचो, काय सोनं लपवलंय का आत?"

मी त्याला म्हटलं, उघडा.

काम होईपर्यंत मी तिथेच बसून राहिले. जाळ्या निघाल्या, समोरचा खण निघाला, रेडिओ निघाला. ज्या गाडीत मी इतकी वर्षं बसले तिच्या पोटात एवढ्या वायरी असतील असं वाटलं नव्हतं. समोरच्या खणाच्या मागे वारा गाळण्याचं फिल्टर बसवायची एक फट असते. आमच्या गाडीला कंपनीकडून फिल्टर आलेलंच नव्हतं. त्या फटीत मिस्त्रीने दोन बोटं घातली आणि त्याचा चेहरा बदलला. त्याने आतून एक काळपट गोळा ओढून काढला. तो लांबच लांब निघतच राहिला. मुळ्यामुळ्यांचा, दोऱ्याने शिवलेला, शेवाळलेला, ओला. त्याने तो फरशीवर ठेवला आणि वास आला.

तो वास मी लगेच ओळखला.

"कूलरचं गवत," मिस्त्री म्हणाला. "एसीत. ताई, हे काय केलं सरांनी?"

कूलरच्या शहरात राहणाऱ्या माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाला सुचणार नाही. आमच्याकडे उन्हाळा आला की ताट्या बदलायच्या, पाणी मारायचं, मग वारा गार लागतो, हे रक्तात भिनलेलं. ह्यांनी घरच्या कूलरच्या ताट्या करून घेताना मूठभर वाळा बाजूला काढला असणार, दाभण घेऊन त्याची इवलीशी ताटी शिवली असणार आणि गाडीच्या पोटात बसवली असणार. दोरा मी ओळखला. तो माझ्या शिवणाच्या डब्यातला जाड पांढरा दोरा होता. आणि सकाळी मी घरात गोळ्या काढत असताना हे इस्त्रीच्या बाटलीने त्याच्यावर पाणी मारत असणार. मी येऊन बसेपर्यंत वास तयार.

मिस्त्रीने आतली कूलिंग कॉइल काढून दाखवली. गार होण्याचं काम तीच करते. तिच्यावर वाळ्याच्या तुटलेल्या मुळ्या, धूळ आणि पाणी यांचा लेप बसला होता. पाणी बाहेर जायची नळीही त्यानेच बुजली होती. सतत ओल राहून कॉइल कुजली होती. त्याने ती पाण्याच्या टबात बुडवून तिच्यात हवा सोडली, तर एका कोपऱ्यातून बारीक बुडबुडे वर यायला लागले. म्हणजे हे दर वर्षी माझ्यासाठी वाळा भिजवत होते, त्या पाण्याने कॉइल खाल्ली जात होती, तिच्यातून गॅस जात होता आणि हे येऊन ह्या बिचाऱ्याशी भांडत होते. हे त्यांना कधी कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. कळलं असतं तरी त्यांनी वाळा काढला नसता, एवढं मला माहीत आहे. मिस्त्री आणि मी दोघंही त्या बुडबुड्यांकडे बघत बसलो. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते, आणि गल्लीत भर दुपारी रडायची मला लाज वाटली नाही.

वर्कशॉपवाल्यांनी बदलायला सांगितलेल्या बाकी सगळ्या वस्तू धडधाकट निघाल्या. कॉम्प्रेसर ठीक, इंजिनापुढची जाळी धुतल्यावर ठीक. फक्त कॉइल हवी होती. नवी महाग पडत होती, म्हणून मिस्त्रीने भंगारात निघालेल्या अशाच एका गाडीची कॉइल मिळवली, ती माझ्यासमोर टबात बुडवून दाखवली, सांध्यांची रबरं तेवढी नवी घातली, नळी मोकळी केली. माझ्या पेन्शनला झेपेल असं काम झालं. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, बघ, मी म्हणत होतो ना एकदा बाहेर विचार. तो असं काही म्हणाला नव्हता, पण असू दे.

तो वाळ्याचा गोळा मिस्त्री फेकून देणार होता. मी तो पिशवीत घालून घरी आणला, धुतला, गच्चीवर वाळत घातला. वाळल्यावर त्याला काहीच वास उरला नाही. पुन्हा भिजवला तर शेवाळाचा आला. कामाचा नव्हता, पण मी तो टाकला नाही. कूलरसाठी नवा वाळा आणलाच होता. गाडी न्यायला गेले तेव्हा त्यातला मूठभर घेऊन गेले आणि मिस्त्रीला विचारलं, आत घालता येईल का. त्याने कपाळावर हात मारून घेतला. आत अजिबात नाही आणि पाणी तर बिलकूल नाही. फारच वाटत असेल तर कोरडा वाळा कापडात बांधून जाळीसमोर टांगा. मी मलमलची पुरचुंडी करूनच नेली होती. त्याने ती डाव्या जाळीला स्वतःच बांधली, पुटपुटत. मग तो डॅशबोर्डकडे बघत थांबला. मधल्या दोन्ही जाळ्या त्याने पुन्हा बसवताना होत्या तशाच बसवल्या होत्या, डावीकडे तोंड करून.

"ह्या तुमच्याकडं वळवून देतो," तो म्हणाला. "चालवता तर तुम्हीच ना?"

मी म्हटलं, नको, राहू द्या तशाच.

गाडी कुठे नेऊन बघायची, हा विचार करावाच लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकाबाहेर गाडी सुरू केली, एसी लावला आणि उतरून घरात परत आले. आता घरात कुणी नाही, कुणाच्या गोळ्या काढायच्या नाहीत. उगाच ओट्यावरून फडकं फिरवलं, दुधाचं पातेलं झाकलं, कुलूप लावलं. बाहेर आले आणि डाव्या बाजूचं दार उघडून आत बसले.

गाडी गार झाली होती. वासही आला. पूर्वीसारखा नाही, कोरड्या वाळ्याचा येतो तेवढाच, पण तोच. मी मान मागे टेकवून डोळे मिटले. त्या वेळी मला हे हवे होते. वास नको, गारवा नको, शेजारी बसून "चल, उशीर झाला" म्हणणारा माणूस हवा होता. गाडी चालू होती, वारा माझ्या तोंडावर येत होता आणि उजवी सीट रिकामी होती. ती रिकामी आहे हे मी दीड वर्ष रोज बघत होते, पण डाव्या बाजूला बसून कधी बघितलं नव्हतं. चालवायला कुणी येणार नव्हतं, तेव्हा मी उतरले, पुढून वळसा घालून गेले आणि स्टिअरिंगवर बसले.

फुलंब्रीच्या रस्त्याला हर्सूल मागे पडलं आणि मला घाम यायला लागला. आधी वाटलं, गेला पुन्हा गॅस. हात पुढे करून बघितलं, तर डावीकडे बर्फासारखा वारा. माझ्या बाजूच्या कोपऱ्यातल्या जाळीतून मात्र जेमतेम फुंकर येत होती आणि उजव्या काचेतून ऊन थेट खांद्यावर, मानेवर पडत होतं. फुलंब्रीला जाताना सकाळचं ऊन उजवीकडून येतं. दुपारी परत येताना सूर्य पश्चिमेला गेलेला असतो, तेव्हाही ते उजवीकडूनच येतं. त्या रस्त्यावर दोन्ही वेळा ऊन गाडी चालवणाऱ्याच्याच वाट्याला आहे. इतकी वर्षं मी त्या रस्त्याने गेले आणि हे मला कधी दिसलं नव्हतं, कारण मी दुसऱ्या बाजूला होते.

पाठीवरून घामाची धार निघाली. पदराने मान पुसली, तर लगेच पुन्हा ओली. जाळी फिरवायला हात गेला आणि मी तो मागे घेतला. पुढे कडुलिंबाचं एक झाड बघून गाडी कडेला घेतली. चालवणाऱ्याच्या दाराच्या खणात ह्यांचा नॅपकिन अजून होता, धुवायला म्हणून मी तो कधी काढलाच नव्हता. उन्हाने कडक झालेला. मी तो झटकला, खांद्यावर टाकला, मान पुसली आणि जाळ्या तशाच ठेवून फुलंब्रीकडे निघाले.